शहाता काकांचा बाकला आम्ही खाल्ला, त्याची हकीकत

मिन्या विद्यापीठ, रविवार

आदरणीय इन्साफ खाला,

तुझ्या हातांना मुका, तुझ्या गुडघ्यांना आराम आणि तुझ्या कबुतरांना पोटभर दाणा मिळो. आम्ही सगळे खुशाल आहोत. पत्र वाचून दाखवणाऱ्या उम्म हाशिम यांनाही सलाम. (उम्म हाशिम, चष्मा लावा, आणि मधेमधे पदरची वाक्यं घालू नका. गेल्या खेपेला तुम्ही माझं लग्न ठरवून मोकळ्या झाला होतात!) फोनवर तू "अल्लाहची कृपा, सगळं आहे, काही नको" एवढंच म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

मी विद्यापीठात नेमकं काय करते, असं तू एकदा विचारलं होतंस. अम्मा सगळ्यांना सांगते की रबाब मुळांचं बोलणं ऐकते, आणि मग बायका अम्माकडे फार कळवळून बघतात. पण खोटं नाही ते. बाकल्यासारख्या कडधान्याच्या रोपाला जमिनीत नत्र मिळेनासं झालं की त्याचं मूळ मातीत एक रस सोडतं. ती त्याची हाक. मातीतले जीवाणू ती ओळखतात आणि आपला वेगळा रस सोडून ओ देतात. मग मुळाचा केस असतो ना, तो वाकतो, त्यांना आत घेतो आणि राहायला गाठी बांधून देतो. पाहुणे हवेतला नत्र पकडून रोपाला देतात, रोप त्यांना साखर देतं. (आपल्या गावात पाहुण्याला चहात घालतात तेवढी नाही.) मात्र रोपाला गोणीतलं खत भरपूर घातलं, तर ते हाकच मारत नाही. पोट भरलेलं, कोणाची गरज काय! शहाता काका म्हणायचे, खत घातलेला बाकला मग्रूर होतो. माझा सगळा प्रबंध म्हणजे त्यांच्या या एका वाक्याचं रसायनशास्त्र आहे.

आता काकांच्या शेतातले जीवाणू बाजारच्या बियाण्याला ओ देत नाहीत, त्यांना काकांनी वर्षानुवर्षं राखलेलंच बी लागतं. काका हयात असताना ते तू मला डबाभर दिलं होतंस. त्यातलं उरलंसुरलं सगळं मी आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, स्टीलच्या पातेल्यात साध्या पाण्यात भिजत घातलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आला आमचा मीलाद. हा आमच्या प्रयोगशाळेतला सहकारी, कॉप्ट ख्रिस्ती माणूस. सध्या त्याचा नाताळाआधीचा उपास चालू आहे, म्हणजे मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, उठून-बसून बाकला. त्याला वाटलं, रबाबनं माझ्या उपासासाठीच भिजत घातलाय! गहिवरला बिचारा. तो त्यानं वाफेनं जंतू मारायच्या यंत्रात शिजवला (शिजतो झकास, जंतू एकही राहत नाही), वर तेल, जिरं, लिंबू. आमचे साहेब डॉक्टर वगीह यांनी तर भाकरीनं पातेलं पुसून काढलं.

आणि मी? मी दोन बश्या खाल्ल्या, खाला. वर विचारलं, "कुठून आणलास रे? अगदी आमच्या शहाता काकांच्या शेतातल्यासारखा लागतोय." मग माझा घास हातातच राहिला. मीलाद म्हणाला, "अगं, तूच नाही का भिजवलास? माझ्या आईनंतर माझ्या उपासाची आठवण ठेवणारी तूच." आता अशा माणसावर ओरडायचं कसं? मी बसले रडत. सगळ्यांना वाटलं, बी गेलं म्हणून रडते. बी गेलं म्हणून रडत होतेच. पण ती चव तोंडात होती, आणि काका गेल्यापासून ते शेत पडीक आहे, तुझी एकटीची चूल दुपारची पेटत नाही, हेही एकदम आठवलं.

उपासाच्या दिवसांत मीलाद आता माझ्याशी मान खाली घालून बोलतो. त्याला तू माफ कर. बाकी ठीक.

तुझी,
रबाब

ता. क. — माळ्यावरच्या बरणीत काकांचं शेवटचं बी आहे, हे मला ठाऊक आहे. तू त्याला कोणाला हात लावू देत नाहीस, हेही. त्यातलं मूठभर मिळेल का? नाहीतर माझा प्रबंध बुडाला समज.

ता. क. — टपालानं पाठवू नकोस, इथले लोक काहीही शिजवतात. स्वतः घेऊन ये. गुडघे घेऊन ये. कबुतरं उम्म हाशिम सांभाळतील. (सांभाळाल ना? खाऊ नका.)

ता. क. — मीलाद म्हणतो, उपासात खोटं चालत नाही, मग ते कोणाचंही असो. म्हणून सांगते: मीलादनं शिजवण्याआधी बाकला धुतला, तेव्हा थोडे दाणे मोरीच्या जाळीत अडकले होते. त्यांना मोड आलेत. कुंड्या खिडकीत आहेत, प्रबंध बुडत नाही. बरणी तिथेच राहू दे. आपल्या घरात कोणी काही हवंय असं तोंडानं म्हणत नाही, तूही म्हणणार नाहीस, म्हणून मीच आधी म्हणते. बी नको, खाला. मला तू हवी आहेस. ये. (उम्म हाशिम, हे पुन्हा एकदा वाचा.)