पुष्पाआजीचे सहा मिक्सर

ती. सौ. रुपालीमामीस,

गोडादऱ्याहून हर्षदाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या कोसाडच्या घराच्या त्या जिन्याला माझ्यातर्फे दोन शिव्या घाला. फोनवर सांगायला बसले की तुम्ही मधेच "मग? मग?" करता आणि मी भरकटते, म्हणून सगळं लिहून मामांच्या डब्याच्या पिशवीत घालते आहे. (डबा धुण्याआधी वाचा.)

तर मामी, मी गरिबी मोजून आले. हसू नका, पगार मिळतो त्याचा. आमच्या संस्थेने मला नवापूरच्या पुढच्या एका लहानशा गावी पाठवलं होतं. (नाव लिहीत नाही, तुम्ही लगेच तिथली सोयरीक काढाल.) कमाई विचारायची नाही, कारण विचारली की माणूस "चाललंय देवाच्या कृपेने" याच्या पुढे सरकत नाही. म्हणून घरात शिरायचं, वस्तू बघायच्या, फोटो काढून इकडे ऑफिसात आमच्या साहेबांना, भूपेंद्रभाईंना, पाठवायचा. ज्याच्याकडे वस्तू कमी, त्याला पक्क्या घराची मदत. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

पहिल्या दिवशी घरोघरी मला निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, फुलाफुलांच्या कपातून चहा दिला आणि टेबलफॅन माझ्या तोंडावर फिरवला. म्हटलं, वा, काय सुखवस्तू गाव आहे. संध्याकाळी शेवटच्या घरात खुर्चीच्या पाठीवर एक रुमाल दिसला. तो माझाच होता, सकाळी पहिल्या घरी विसरलेला. शहरातून पाहुणी आली म्हणून अख्खी गल्ली ती एकच खुर्ची, तेच कप आणि तोच पंखा परसदारातून माझ्या पुढे पुढे पळवत होती. (आपल्यात तरी कोण वेगळं करतं म्हणा.)

मग मी गल्लीत उभी राहून सांगितलं, बाबांनो, मी पाहुणी नाही, जास्त वस्तू दिसल्या तर मदत बुडेल. माझी अक्कल बघा. दुसऱ्या दिवशी घरोघरी नुसत्या भिंती आणि भिंतीवरचे देव. तवासुद्धा गायब. एक बाई म्हणाली, आम्ही नुसती मिरची-भाकर खातो, आणि आतून मटणाचा घमघमाट येतोय.

गल्लीच्या टोकाला पुष्पाआजी राहते. एकटी, लोकांची धुणीभांडी करते, छप्पर म्हणजे फाटकी ताडपत्री. हिचं घर नक्की, म्हणून मी आनंदाने दार उघडायला लावलं. आत सहा मिक्सर, तीन टीव्ही, एक फ्रिज, तव्यांची चळत आणि वर ती निळी खुर्ची. आजीची गरिबी काय, लांबूनच दिसते, तिथे कोण बघायला जातंय, असा गल्लीचा हिशेब. आजीला कुणाला नाही म्हणता येत नाही. मी सवयीने फोटो पाठवून बसले आणि लगेच भूपेंद्रभाईंचा फोन, "आ तो दुकान छे, घर नाही. म्हातारीचं नाव काढून टाक."

मी भर गल्लीत ओरडले की तुमच्या मिक्सरांपायी म्हातारीचं घर गेलं. मग श्रीरंग नावाचा एक धिप्पाड गडी पुढे आला, स्वतःचा टीव्ही खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "हाऊ टीव्ही मना शे, लिखी ले." त्याच्यामागून एकेक जण खाली मान घालून आपापली वस्तू उचलायला लागला. शेवटी आजीच्या घरात चूल, गोधडी आणि एक तांब्या उरला. त्याचा फोटो माझ्याकडून तिरकाच आला, कारण मी रडत होते. भूपेंद्रभाई कुरकुरले, पण आजीचं नाव मंजूर झालं. कालच कळलं, आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. माणसाने आहे ते आहे तसं दाखवावं, हेच खरं.

मामांना नमस्कार, मयुरीला गोड पापा.

तुमची भाची,
हर्षदा

ता. क. रविवारी पर्वत पाटियाहून मंडळी मला बघायला येताहेत. मुलाचं साड्यांचं दुकान आहे. तुमचा सोफा, काचेचा टीपॉय आणि फ्रिज शनिवारीच टेम्पोने पाठवा. कुणी विचारलं तर आमचाच.

पुन्हा ता. क. मंडळी उठली की उभ्या उभ्या सगळं परत न्या. सोमवारी आमच्या गल्लीत हीच वस्तूंची मोजणी आहे, आणि मोजायला येणारी पोरगी मीच शिकवून तयार केलेली आहे. ती पहिल्याच घरी मुद्दाम रुमाल विसरते.