आरोहीची सोळा भाड्याची मशीनं

जुळे सोलापूर, सोमवार

ति. विहीणबाई श्रीदेवीअक्का यांना काशम्माचा शरणु शरणार्थ.

तुमचे गुडघे कसे हायत? माझे तसेच हायत, विचारू नका. फोनवर तुमी दुसऱ्याला बोलू देत न्हाय, म्हणून लिहायला बसले. (शाळा चौथीपर्यंतच, अक्षराला हसायचं ते आत्ताच हसून घ्या.)

परवा तुमी आपल्या आरोहीला वेंधळी म्हणालात. नोकरी सोड, करमाळ्याला ये, स्थळ बघू म्हणालात. आपल्या आईची आई म्हणती म्हटल्यावर पोरगी बॅग काढून बसलीया. तेव्हा आधी नीट वाचा, मग तिला बोलवा.

तिच्या कंपनीकडं स्वतःची मोठी मशीनं न्हायत. लांब कुटंतरी दुसऱ्याची असत्यात, ती तासावर भाड्यानं घ्यायची. (त्याला क्लाउड म्हणत्यात, म्हणजे ढग. ह्या ढगातनं फक्त बिल पडतंय.) ऑफिसातली पोरं मशीनचा प्रोग्राम आधी कसाबी लिहायची, आणि हळू चाललं की आणखी मोठं मशीन घ्यायची. भाडं कुटं त्यांच्या खिशातनं जातंय! मैत्रिणीच्या लग्नाला जाताना आरोहीनं असली सोळा मशीनं कामाला लावली. काम संपलं की घरातल्या लॅपटॉपनं ती बंद करायची होती. लॅपटॉप मधीच झोपला, आणि तीन दिवस सोळा मशीनं नुसती बसून भाडं खात राहिली. बिल बघून साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. कायम करायचं का काढायचं, ते महिनाअखेरीला बघू म्हणाले.

रडली की. पण वीस मिनिटंच. मग वही घेऊन बसली. आता कुणी काम दिलं न्हाय तर मशीनं आपली आपण बंद पडत्यात, कुणाची वाट बघत न्हायत. मशीनला जे हजारदा विचारलं जायचं, ते एकदाच विचारून उत्तर जपून ठेवती. लाख नोंदींवर चालवायच्या आधी पन्नासावर घरीच चालवून बघती. लिहिता लिहिता म्हणती, "आज्जी, हे असं लिहिलं तर महिन्याला किती पडंल?" मी 'व्हय' म्हणती. (तेवढं बास होतंय तिला.) भाडं निम्म्यावर आलं! तिच्या ऑफिसातला, तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा सोमलिंग, तो आता फोन करतोय, "ताई, माझं लिहिलेलं जरा बघता का?" ताई!

मी कुणाचं कौतुक करत न्हाय, तुमाला ठाऊक हाय. लग्नात तुमी वाढलेल्या हुग्गीचंबी केलं न्हाय. पण ह्या पोरीचं करती. अक्कल आमच्याकडची, चिवटपणा तुमच्याकडचा, खोटं कशाला बोलू.

तुमची,
काशम्मा

ता.क. लॅपटॉप मधीच झोपला असं लिहिलंय, पण तो आपण होऊन झोपला न्हाय. मला टेबलावर शेवया वाळत घालायच्या होत्या. झाकण मी मिटलं. आरोहीला ठाऊक न्हाय, तुमीबी सांगू नका. वेंधळी म्हणायचं ते मला म्हणा, पण एकदाच.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी तिला सांगून टाकलं. म्हणाली, "आज्जी, पहिल्या दिवसापासनं ठाऊक हाय. कीबोर्डमधनं शेवया निघाल्या." आणि साहेबांपुढं मात्र 'चूक माझीच' म्हणून उभी राहिली. तेव्हा पत्र मिळाल्या मिळाल्या फोन करून तिची माफी मागा. मी मागितली, तुमाला काय जड जातंय.