पाळण्याखालची खूण

मी, मेहिटबल ऑर्कट, मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील हेरिंग कोव्ह गावची सुईण, पिंपे बांधणारे कै. हेझेकाया ऑर्कट यांची विधवा, वय एकसष्ट, छातीने खंगलेली पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवते. आत्मा ज्याचा त्या देवाच्या हवाली करते. तो मला तारणार की नाही हे त्याने जग घडवण्याआधीच ठरवले आहे, माझ्या लिहिण्याने त्यात फरक पडायचा नाही. देह नवऱ्याच्या उजव्या हाताला पुरावा. डाव्या हाताला दुसरे कोणी येऊ नये म्हणून तिथे मी चार वर्षांपूर्वीच मोठा धोंडा आणून ठेवला आहे.

कलम पहिले. राहते घर, खाडीकडचे कुरण आणि दोन्ही गाई नणंद थँकफुल हिला द्याव्यात. तिचा डोळा पहिल्यापासून घरावर आहे.

कलम दुसरे. शेजारीण डेलिव्हरन्स पूल हिला माझा निळा घागरा. जिची सहाही पोरे मी सोडवली, तिला प्रार्थनाघरात कोणी कुठे बसायचे हे ठरवणाऱ्या पंचांनी पहिल्या बाकावर बसवले आणि मला तिसऱ्या! घागरा तिला कमरेत बसणार नाही. तो तसाच द्यावा, सैल करू नये.

कलम तिसरे. नवऱ्याची हत्यारे विकून चर्चला घंटा घ्यावी.

कलम चौथे. बाळंतपणाची खुर्ची, कात्री आणि पिशवी माझ्याबरोबर पुरावी. झिल्पाच्या हाती लागू देऊ नये. झिल्पा म्हणजे आमची गुलाम, वीस वर्षांमागे बार्बाडोसच्या जहाजावरून घेतलेली. सुईणपण तिला मीच शिकवले. आता बाळंतपणाला गेले की बायका मला चुलीपाशी बसवतात. "मेहिटबलकाकू, तुम्ही दमलात. झिल्पाला येऊ द्या ना पुढे, तिचे हात किती ऊबदार आहेत!" चाळीस वर्षांत माझ्या हातांबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

कलम पाचवे. सदरहू झिल्पा, पिसांची गादी आणि कथलाची सहा ताटे थँकफुलला.

इथवर सकाळी लिहिले. मग सामानाची यादी करायला माळ्यावर चढले आणि तिथे तो पाळणा दिसला.

बारा वर्षांपूर्वी झिल्पाला दिवस गेले. माझी कूस कधीच उजवली नाही, आणि ही माझ्याच स्वयंपाकघरात पोट घेऊन फिरत होती. एके दिवशी नवरा आपल्या पिंपांच्या कारखान्यातून ओकच्या लाकडाचा पाळणा उचलून घेऊन आला. मी म्हटले, "हा कशाला?" तो म्हणाला, "पोराला लागेल की." एवढेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यासाठी त्याने साधी घडवंचीसुद्धा केली नव्हती.

सुईणीने शपथ घेतलेली असते. बिनलग्नाची बाई अडली की कळा ऐन भरात असताना तिला बापाचे नाव विचारायचे. त्या घटकेला कोणी खोटे बोलत नाही असे कोर्टही मानते. मी किती जणींना विचारले आहे! झिल्पाला विचारले नाही. कोणते नाव येईल ते मला ठाऊक होते, आणि मला ते ऐकायचे नव्हते.

मुलगी झाली. जूबा. पाच महिन्यांची असताना तिला टोपलीत घालून मी थँकफुलकडे पाठवले, दोन दिवसांच्या वाटेवर. इथे गुलामांची मुले मांजराच्या पिल्लांसारखी देऊन टाकतात. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." त्याचे हे निमूट ऐकणेही मला त्याच्या पापाचा पुरावाच वाटले.

आज यादीसाठी पाळणा उलटा केला. पिंपे बांधणारा प्रत्येक जण मालाच्या तळाला आपली खूण डागतो. माझ्या नवऱ्याची खूण मासा. पाळण्याखाली मासा नव्हता. तीन रेघा आणि कडे होते. ही क्वाशची खूण. क्वाश बंदरावरच्या धक्क्याच्या मालकाचा गुलाम, नवऱ्याकडे भाड्याने कामाला यायचा. आमच्या दाराशी यायची त्याला मनाई होती, मीच केलेली.

मी झिल्पाला वर बोलावले. "जूबा कुणाची?"

"क्वाशची. आणखी कुणाची असणार?"

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं कुठं, बाई? सगळ्या जणींना विचारता. मी कळा सोसत वाट बघत होते. तुम्ही तोंड फिरवलंत."

म्हणून कलम चौथे आणि पाचवे रद्द. झिल्पा आजपासून मोकळी. तिचा भार गावावर पडू नये म्हणून कायदा जो जामीन मागतो तो हत्यारांच्या विक्रीतून भरावा. चर्चने घंटेवाचून चालवावे. खुर्ची, कात्री, पिशवी झिल्पाची. गावची बाळे तिच्या हातात पहिल्यांदा रडतील याचा मला हे लिहितानाही हेवा वाटतो. तरीही तिचीच.

कलम पहिले असे वाचावे: घर, कुरण आणि गाई थँकफुलला तेव्हाच मिळतील, जेव्हा ती जूबाला मोकळे करून स्वतः आणून झिल्पाच्या हाती देईल. माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांत हे झाले नाही, तर सगळे डेलिव्हरन्स पूलला. थँकफुल मुलगी सहजासहजी सोडणार नाही. पण डेलिव्हरन्स माझ्या ओसरीवर बसलेली तिला बघवणार नाही. ही आग काय असते ते मला चांगले ठाऊक आहे.

कलम सहावे. ओकचा पाळणा झिल्पाला.

हे सगळे झिल्पाला वाचून दाखवले. तिने आभार मानले नाहीत. पाळण्याचे कलम तिने पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाली, "अकरा वर्षांची झाली असेल ती, बाई. त्यात मावेल का?"

कलम सहावे मी खोडले आहे. शाई माझी, हातही माझा.

मेहिटबल ऑर्कट
हेरिंग कोव्ह, १४ एप्रिल १७२४, राजे जॉर्ज यांच्या कारकिर्दीचे दहावे वर्ष

साक्षीदार: ओबडाया स्नो, मोची. टेम्परन्स हॅलट, विधवा. बाईंनी आमच्यादेखत सही केली आणि सहावे कलम आमच्यादेखत खोडले. झिल्पा खोलीत हजर होती. कायदा तिची साक्ष धरत नाही, म्हणून तिची सही घेतली नाही.