येतो म्हणालो

३ सप्टेंबर, बुधवार

वैष्णवी पोरी, इतक्या उशिरा लिहायला घेतोय त्याची माफी असावी. वही तू आखाडात आणून दिलीस, डॉक्टरीणबाईंनी रोज लिहा म्हणून बजावलं, आणि मी आज पहिलं पान उघडतोय. चौथी शिकलेल्या माणसाला लिही म्हटलं की घाम फुटतो. पण आजचा दिवस चांगला गेला, म्हणून लिहितो. तू भेटशील तेव्हा वही तुझ्याच हातात देईन.

सकाळी लोणीहून निघालो. मंचरला एसटी बदलली, घोडेगावला बदलली. तळेघरला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. ज्याच्या शेतावर राखणीला आलोय तो भिमाजी घ्यायला आला होता. माझी पिशवी त्यानंच खांद्यावर टाकली. पुढं दीड तास पायी. वाटेत हॉटेल नाही, भेळेची गाडी नाही, साधं बिस्किटाचं दुकान नाही. मला तेच पाहिजे होतं. लोणीत उंबऱ्याबाहेर पाय टाकला की समोर वड्याची कढई. इथं माणूस खाऊन खाणार काय, धुकं?

काम सोपं आहे. भाताच्या खाचरात माळा बांधलाय, त्यावर दिवसभर बसायचं आणि वानरं हाकायची. राहायला घरामागं एक खोली दिलीय, खालून नवीन सारवलेली. जेवण घरातच. भिमाजीच्या बायकोनं, लंकाबाईनं, माझ्या पोटाकडं पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, मानूस बाकी चांगला निवडून आनलाय. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत मला कुणी चांगला म्हणालं नव्हतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

तुझी आई गेल्यापासून हे सुरू झालं, तुला ठाऊकच आहे. जेवून हात धुतला तरी खा-खा सुटते. पोट तडतडतं, पण हात थांबत नाही. मग रडू येतं, आणि रडता रडता परत खातो. चोरून लाडू खाताना सापडलो तेव्हा तुझा भाऊ रुपेश पाहुण्यांसमोर म्हणाला, तात्या, निदान डबा तरी ठेवा. सगळे हसले. मीही हसलो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं करतोय. खा-खा सुटली की आधी वहीत लिहायचं. भूक पोटात आहे की तोंडात, ते स्वतःला विचारायचं. तांब्याभर पाणी प्यायचं आणि वीस मिनिटं दुसऱ्या कामात घालवायची. आणि उपाशी मात्र राहायचं नाही, उपाशी राहिलात तर दुप्पट खाल, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

आज दोनदा सुटली. दोन्ही वेळा तोंडात होती. एकदा पाणी पिऊन गेली, एकदा वानरामागं पळताना गेली. पळताना धोतर सुटलं ते लंकाबाईनं पाहिलं. म्हणाली, पावणं, वानर लाजलं वो.

९ सप्टेंबर, मंगळवार

सहा दिवस झाले, एकदाही तोल गेला नाही. पण आज जीव थोडा खाली-वर होतोय.

भिमाजीचा बाप बहिरू गेल्या वर्षी वारला. येत्या रविवारी त्याची तिथ. इकडं रीत अशी की बाहेरचा एखादा म्हातारा पितर म्हणून पाटावर बसवायचा आणि मेलेल्याच्या नावानं जेवू घालायचा. भिमाजी म्हणाला, तुमी बसा. आमच्या बाच्या पिंडाला कावळा शिवला नाय. मोठ्या पोटाचाच मानूस पायजे व्हता. तुमच्या लोणीत इचारलं, तर सगळ्यांनी तुमचंच नाव घेतलं.

म्हणजे मला वानरांसाठी आणलेलं नाही. वाईट वाटलं, पण नाही म्हणवेना.

नियम एकच. जेवून उठताना ‘धालो, जातो’ असं म्हणायचं, म्हणजे पोट भरलं, आता जातो. आपण कुणाच्याही घरून निघताना येतो म्हणतो, जातो म्हणणं अभद्र. पण पितराला परत बोलवायचं नसतं. म्हणून ह्या एका माणसानं जातो म्हणायचं. भिमाजीनं माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं, शाळेतल्या पोरासारखं. लंकाबाई म्हणाली, बाबा, ह्येवढं चुकू नका, मग खीर सांडली तरी चालंल.

मी आधीच ठरवून ठेवलंय. दोन वडे, एक वाटी खीर, थोडा भात. बस.

१४ सप्टेंबर, रविवार

खरं लिहायचं म्हणून लिहितो. अकरा वाटी खीर. वडे किती ते आठवत नाही. भोपळा, गवार, कढी, भजी, पुन्हा भात, पुन्हा खीर. लंकाबाई वाढत होती आणि म्हणत होती, खावा आबा, पोटभर खावा. आबा म्हणजे बहिरू. मागण्याआधी ताटात पडतंय, असं तुझी आई होती तेव्हा व्हायचं. माझे डोळे भरून आले आणि हात चालूच राहिला.

भिमाजीनं विचारलं, धालं का आबा? मी म्हणालो, धालो. ते खोटं नव्हतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा पोटही धालं आणि मनही धालं.

मग उठलो. लंकाबाईला हात जोडले. एकाहत्तर वर्षांची सवय, पोरी. तोंडातून निघून गेलं, येतो.

तिच्या हातातली पळी तशीच राहिली. भिमाजी ओरडला. मी लगेच जातो म्हणालो, दहा वेळा म्हणालो. तो म्हणाला, पाटावरून उठल्याव बोलून काय उपेग.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी भूक घेऊनच जागा झालो. तोंडात नाही, पोटातही नाही. तळपायापासून वर चढत येते. लिहिलं. पाणी प्यालो. वीस मिनिटं थांबलो. मग आणखी वीस. गेली नाही.

माळ्यावर बसलो होतो. भानावर आलो तेव्हा खाचरात गुडघाभर चिखलात उभा होतो. हिरव्या ओंब्या ओरबाडून खात होतो, दाण्यात अजून दूध होतं, कुसळांनी टाळू फाटली होती. वानरं बांधावर बसून माझ्याकडं पाहत होती. एकही खाली उतरलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

लंकाबाईनं भाकरी दारात ठेवली आणि मागं सरली. म्हणाली, घ्या आबा. मी म्हणालो, मी रखमाजी, लोणीचा. ती म्हणाली, व्हय आबा.

थोड्या वेळानं मी भाकरी मागितली. ती म्हणाली, आत्ता तर खाल्ली. ताट पाहिलं. रिकामं होतं, कडेवर दातांच्या खुणा होत्या. मला खाल्ल्याचं आठवत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बाहेरून कडी घातली आहे. माझा फोनही नेला.

लंकाबाई फटीतून बोलली. आवाजात राग नव्हता. लोणचं कसं घातलं ते सांगावं, तसं सांगितलं. म्हाताऱ्याला जेवल्याचं ध्यानात राहत नव्हतं. जेवून उठायचा आणि चार बायांत सांगायचा, सून उपाशी मारते. मग म्हनलं, लई सांगतुयास न्हवं, तर उपाशीच ऱ्हा. ह्याच खोलीत ठेवला. आधी दिवसाला एक भाकर, मग दिवसाआड. पुढं दिली नाय.

शेवटी भित खाल्ली वो त्यानं, म्हणाली, आणि हसली.

मी भिंत पाहिली. चारी बाजूंनी खालून हातभर नवीन सारवण आहे. बसलेल्या माणसाचं तोंड पोचतं तेवढंच. त्याच्या वर भिंत जुनी आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दिवसभरात एक भाकर. भिमाजीला विनवलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात उपाशी ठेवू नका, त्यानं जास्त होतं. तो म्हणाला, आमच्या बाला कुठं डॉक्टर व्हता.

दुपारी दाराखालच्या फटीतून एक कोंबडी आत आली. आधी लिहायचं होतं. नंतर लिहितोय. पिसं घशात —

पाणी प्यालो.

२० सप्टेंबर, शनिवार

भिमाजी आज खुशीत आहे. तळेघरला रेंजमध्ये जाऊन त्यानं तुला फोन केला. तुमचा बा आजारी हाय, नातीची लई आठवन काढतुय, उद्या अमावस्येला घेऊन जावा, पोरीला बी आना. तू बरं म्हणालीस म्हणे.

लंकाबाईनं दाराबाहेर बसून सगळं उलगडून सांगितलं. हाताला धरून जो मला उंबऱ्याबाहेर काढील, त्याच्या घरी ही भूक जाणार. त्यांची सुटका. भिमाजी म्हणाला, ज्याचं मानूस त्यानं न्यावं. उद्या तुम्हा मायलेकींना पुरण घालणार आहेत.

पोरी, येऊ नकोस. भूक तुझ्या घरी येईल एवढंच भय नाही. त्यानं तुझ्या आरोहीचं नाव घेतलं, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

आजोबा आहे मी तिचा. लिहून ठेवतो. आजोबा आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

पाणी संपलं. वीस मिनिटं — किती वेळा झाली —

भिंतीच्या मातीला चव आहे. हातभर उरली नाही.

पान फाडून फटीतून दिलं. लंकाबाईनं ते चुलीत घातलं, धूर आला. दुसरं लिहितोय. कुणीतरी खाली नेईल. वैष्णवी, आरोहीला लोणीतच ठेव, रुपेशपाशी ठेव. तिच्या हाताला लहानपणापासून दुधाचा वास — नाही. हे नाही लिहायचं.

दार उघडू नका म्हणालो. भिमाजी म्हणाला, आता कसं नाय उघडायचं, आबा.

बोळातून कुणी येतंय. एक चप्पल मोठी. एक लहान, मधेच उडी मारतेय. तू नाहीस. तू नसशील. भिमाजीच्या फोनवर एवढंच सांग, येत नाही. लवकर कळव, पोरी, आत्ता कळव, ती कडीला हात —