पाठपोट

२ मार्च

चि. खळ्यास,
अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक, तिकडचं कळव. फोन करत नाही, कारण फोनवर मला अर्धं ऐकूच येत नाही आणि जे येतं ते तुझं ‘हं’ असतं. पत्रात तरी तुला दोन वाक्यं लिहावी लागतात.

शाळेने क्वार्टर रिकामी करायची तारीख दिली, ३१ मार्च. तेहेतीस वर्षं मुलींना कवायत शिकवली, त्याचं सामान म्हणजे दोन ट्रंका, एक कपाट, एक ढोल आणि चार शिट्ट्या. त्यातल्या दोन वाजत नाहीत, पण टाकवत नाहीत. तू तीस तारखेला व्हॅन आणलीस तर एका खेपेत आवरेल.

पण त्या पोलिसाने काढून घेतलेल्या लायसन्सचं काय झालं? ते हातात नसेल तर व्हॅन आणणार कशी? आणि पुन्हा सांगते, त्या दिवशी सिग्नलला मी ‘चल’ म्हटलं ते तुला नव्हतं. फुटपाथवर एक म्हातारबाबा ओलांडू की नको करत उभे होते, त्यांना म्हटलं. पन्नाशी उलटली तरी ताईने ‘चल’ म्हटलं की तुझा पाय सुटतो, त्याला मी काय करणार? कोर्टाचा कागद येईल तो नीट वाच. तू कागद बोटांनी चाचपतोस, डोळ्यांनी बघत नाहीस. लहानपणी चिकटवायची वाटीभर खळ चाटून खाल्लीस तेव्हाच घरात सगळ्यांना कळलं होतं, हा पुस्तकं बांधणार, वाचणार नाही.

चि. सौ.ला आशीर्वाद. आणि लोभाचं म्हणशील तर तो जुनाच आहे, तोच वापर.

तुझी ताई

(मागे पाहा)

खळ्या, पुढची बाजू नेहमीसारखी बायकोला वाचून दाखवायला. ही तुझ्यापुरती. खोली दाखवायला नेलंस तेव्हा तू वाटेत चकार शब्द काढला नाहीस आणि तुझी बायको टेप घेऊन भिंती मोजत होती. मला मनापासून बोलावता आहात, की ताई एकटी पडली म्हणून कर्तव्य? चित्रकलेच्या बाईही आता निवृत्त झाल्या, त्या त्यांच्याकडे राहायला ये म्हणतात. मला ओझं होऊन कुठे जायचं नाही. एकच शब्द लिही, ‘ये’. नाही लिहिलास तर समजून घेईन.

६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कागद फार छान होता, भरीव आणि ताठ. असा हल्ली मिळत नाही, कुठून आणलास ते कळव. हिला वाचून दाखवलं आणि लगेच आपल्या वहीत चिकटवून टाकलं. तुझी तीस वर्षांची पत्रं आहेत त्या वहीत, दुमडलेलं एकही नाही. मी पानभर खळ लावतो आणि वरून वजन ठेवतो, एक कोपरा उचलत नाही. कुणी म्हणावं खळ्या ताईची कदर करत नाही!

कोर्टाचा कागद आला. काळजीचं काही नाही. माझं नाव, व्हॅनचा नंबर, खटल्याचा नंबर, बस. पोच असावी. कागद मात्र अव्वल, तुझ्या कागदाच्या तोडीस तोड. योगायोग बघ, सध्या त्याच कोर्टाचे कायद्याचे पाच खंड माझ्याकडे बांधायला आहेत. खंडाच्या पाठीला आतून लावायला असाच ताठ कागद लागतो. म्हणून त्याच्या पट्ट्या कापल्या आणि लावून टाकल्या. सरकारचा कागद सरकारला. खंड असे झालेत की हात फिरवत बसावं. उद्या पोचवतो, हातगाडीवरून न्यावे लागणार.

कोर्ट बोलावील तेव्हा जाऊन लायसन्स घेतो आणि तीसला येतो.

तुझा लोभ या घरावर आहेच, तो हलवताना सांडू देऊ नकोस.

तुझा
खळ्या

१० मार्च

चि. खळ्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. कागदाचं कौतुक वाचलं. कागद शाळेच्या प्रगतिपुस्तकांचा आहे. एवढं विचारण्याइतकी सवड तुला मिळाली, याचा आनंद आहे.

मागे एक विचारलं होतं. त्याचं उत्तर तुझ्या पत्रात सापडलं नाही. दोनदा शोधलं. सुचलं नसेल तर तसं लिही, राग नाही.

कोर्ट पोच देतं हे मी आजवर ऐकलेलं नाही. कोर्ट तारीख देतं. हे वाचून तुझ्या पोटात खड्डा पडला तर पडू दे, एकदा पडायला हवाच.

चित्रकलेच्या बाई रोज विचारतात. भिंतीला कोणता रंग लावू, पिवळा की निळा, असं काल विचारून गेल्या. त्यांना पंचवीस तारखेपर्यंत उत्तर देते म्हणून सांगितलंय. ढोल शाळेला परत केला. एक ट्रंक बांधून झाली. दुसरी उघडी ठेवलीय.

कळावे.

ताई

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात काय आहे कोण जाणे, पण खड्डा पडला. ती पोच नव्हती, समन्स होतं. नऊ तारखेला मला कोर्टात हजर राहायचं होतं. मी त्या दिवशी घरी शांतपणे पुठ्ठा कापत होतो. परवा दुसरा कागद आला. तो हिने माझ्या हातातून ओढून घेतला आणि पहिलं काय केलं तर उलटला. मागे लिहिलेलं होतं की वीस तारखेला हजर होऊन गैरहजेरीचं कारण सांगा, नाहीतर वॉरंट निघेल आणि लायसन्स सहा महिने कोर्टातच राहील.

सहा महिने, ताई! म्हणजे तीसचं सगळं बोंबललं. दुसऱ्याची गाडी करता येईल, ही म्हणते तसं. पण तुला आणायचं तर मीच आणणार, भाड्याच्या गाडीत ट्रंकांवर बसवून नाही. दोन रात्री झोप नाही.

तारीख पहिल्या कागदावरही मागेच असणार. पण तो कागद आता कोर्टाच्या कपाटात, त्यांच्याच खंडाच्या पाठीत. खरं सांगितलं तर कोण विश्वास ठेवील? आजारी होतो म्हणून सांगावं, असं शेजारचे घड्याळवाले म्हणाले. हिने त्यांच्याकडे असं बघितलं की ते दुकान बंद करून गेले.

तू मागे विचारलंस ते कपाटाचं ना? कपाट दारातून जाईल, आडवं करायची गरज नाही. एवढ्यासाठी रागावू नकोस.

तुझा लोभ असू दे, सध्या दुसरा आधार नाही.

तुझा
खळ्या

२२ मार्च, रविवार

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

यांच्या पत्राबरोबर हे माझं. कोर्टातली हकिकत ते लिहितील तर तुम्हाला खुर्च्यांच्या कातड्याचीच माहिती मिळेल, म्हणून मीच लिहिते.

वीसला सकाळी मीही गेले. हे एकटे गेले असते तर चुकून दुसऱ्याच्या खटल्यात उभे राहिले असते. न्यायाधीश बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. आमच्या आधीच्या तिघांनी ओळीने ताप आला होता म्हणून सांगितलं. चौथे हे. बाईंनी विचारलं, नऊ तारखेला का आला नाहीत? वन्सं, मी यांच्याकडे बघते तर यांची नजर बाईंवर नाहीच! बाईंच्या मागच्या फळीवर लाल पाठीचे पाच खंड उभे होते आणि हे त्यांच्याकडे, लेकीला सासरी नांदताना बघावं तसे बघत होते.

मी कोपर मारलं. तेव्हा यांनी हात जोडून सांगितलं की ताप नव्हता, तब्येत ठणठणीत होती. समन्स आलं होतं, पण मी ते पुढूनच बघितलं आणि तुमच्या तिसऱ्या खंडाच्या पाठीत लावलं. सगळं कोर्ट हसलं. बाई हसल्या नाहीत. पुरावा काय, असं त्यांनी विचारलं.

यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं वॉरंटला घाबरले. तसं नव्हतं. पट्टी काढायची तर खंडाची पाठ कापावी लागेल, याने यांचा जीव गेला होता. आयुष्यात असं काम झालं नाही म्हणत होते त्या खंडांना. तरी म्हणाले, सुरी द्या, कापून दाखवतो. मला माझ्या बहिणीला तीस तारखेला घरी आणायचंय, त्यापुढे खंड मोठा नाही. वन्सं, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून इतकं सरळ वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

बाईंनी सुरी मागवली नाही. शिपायाकडून खंड खाली घेतला. मग यांनाच सुचलं. पुस्तक मधोमध उघडलं की पाठ पानांपासून सुटते आणि आत नळीसारखी पोकळी होते. यांनी ती उजेडाकडे धरली. बाईंनी चष्मा काढून एक डोळा मिटून आत बघितलं आणि पट्टीवरचा मजकूर मोठ्याने वाचला. तारीख व वेळेसाठी मागे पाहा.

त्यानंतर कोर्टात जे झालं त्याला हसणं म्हणत नाहीत. बाईंनी स्वतःच रुमाल तोंडाला लावला. सिग्नल तोडल्याचा दंड झाला, गैरहजेरी माफ झाली. आदेशाचा कागद यांच्या हातात देऊन मोठ्याने वाचायला लावला. यांनी वाचला, नमस्कार केला आणि घडी घालून निघाले. दारापर्यंत पोचले तेव्हा बाईंनी हाक मारून विचारलं की लायसन्स नको का? ते मागे लिहिलं होतं! मग बाई म्हणाल्या की यापुढे कोणताही कागद पाठपोट वाचत चला, हा आदेश नाही, उपदेश आहे.

आज सकाळी बघते तर स्वयंपाकघरात किटलीत पाणी उकळत ठेवून तुमच्या पत्रांची वही घेऊन बसलेत. एकेक पत्र वाफेवर सोडवतात, उलटतात, वाचतात आणि वाळत घालतात. घरभर दोऱ्या बांधल्यात, वाकल्याशिवाय चालता येत नाही. त्यांनी काय वाचलं ते मी वाचलेलं नाही. मी त्यांचं तोंड वाचलं. मध्येच उठून येऊन मला विचारलं, खोलीत टेप घेऊन का फिरत होतीस? वन्सं, पलंग खिडकीखाली बसतो की नाही ते बघत होते. तुम्हाला पहाटे उजेड लागतो, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला मोजत नव्हते.

पंचवीसच्या आत हे पोचावं म्हणून टपालात मी स्वतः टाकते आहे. माया आहेच, फक्त पत्ता आता एकच ठेवा.

तुमची
वहिनी

२२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लायसन्स मिळालं. तीसला सकाळी आठ वाजता व्हॅन घेऊन येतो. बाकी हिने लिहिलंच आहे.

तुझा
खळ्या

(मागे पाहा)

ताई, तीस वर्षांचं उत्तर एकदम देतो, जमेल तसं.

मुख्याध्यापकपद घेऊ का, असं विचारलं होतंस. घ्यायला हवं होतंस. गुडघ्याचं ऑपरेशन एकटीने करायला भीती वाटते, असं लिहिलं होतंस. मी त्यावर हवापाणी लिहिलं. आई गेली तेव्हाचं मागचं पान मी आज वाचलं आणि किटली उतरवून बाहेर जाऊन बसलो. गणिताच्या सरांना हो म्हणू का, हेही मागेच होतं. मला सर आवडायचे, ताई. आता सांगून काय उपयोग? तू दर वेळी उत्तराची वाट बघितली असशील आणि माझ्याकडून कागदाची तारीफ आली असेल. मी खळ लावून तुझी अर्धी पत्रं बंद केली आणि वर वजन ठेवलं. माझ्यासारखा मूर्ख मीच.

वाटेत गप्प होतो, कारण तू खोली बघून नाही म्हणशील याची धास्ती होती. खोलीला रंग मीच दिलाय, निळा.

ये.

एकच शब्द मागितला होतास. खाली जागा आहे म्हणून आणखी लिहितो. ये, ये, ये.

२५ मार्च

चि. खळ्यास,
अ. उ. आ.

दोन्ही पत्रं पोचली. दुसरी ट्रंक बांधली. चित्रकलेच्या बाईंना कळवलं. त्या थोड्या रडल्या आणि मग म्हणाल्या की निळाच रंग बरा.

गणिताच्या सरांचं मनावर घेऊ नकोस. ते जेवताना मचमच आवाज करत. मी तुला विचारलं तेव्हा माझं ‘नाही’ ठरलेलं होतं. बाकीच्या प्रश्नांचं भांडण मी समोरासमोर करणार आहे, त्यासाठी वेळ ठेव.

वहिनीला सांग, पलंग खिडकीखालीच. तीसला आठ म्हणजे आठ. शिट्टी वाजवून उभी असेन. येताना प्रत्येक सिग्नलला मी तोंडावर पदर धरून बसणार आहे.

लोभ बरोबर घेऊन येते आहे, त्याला वेगळी जागा करावी लागणार नाही.

तुझी ताई

(मागे पाहा)

पाहिलंस. शाबास.

त्या दिवशी फुटपाथवर म्हातारबाबा कुणी नव्हते. ‘चल’ मी तुलाच म्हटलं होतं. खोली कधी एकदा बघते असं झालं होतं.