मागचा डावा कोपरा

ताइनान,
१८ नोव्हेंबर २०१९

प्रिय दादा,

तब्येत कशी आहे? ह्वालिएनला आता समुद्रावरून गार वारं यायला लागलं असेल. सकाळी उपाशीपोटी कामाला जाऊ नकोस. इकडे मी बरी आहे. समोरच्या देवळाचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, त्यामुळे दिवसभर ठोकाठोक. गल्लीच्या तोंडाशी माशाची पेज विकणारी बाई तुझी चौकशी करत होती. "बायको गेल्यावर बारीक झाला असेल गं तो," म्हणाली. मी म्हटलं, विचारून सांगते.

तुझा फोन आल्याला आठ दिवस झाले. स्वप्न सांगितलंस आणि लगेच हसलास. "एकटा झोपतो ना, पडतात स्वप्नं." मीही हो म्हणाले. त्या स्वप्नाबद्दलच लिहायचंय, पण मागून सुरुवात करावी लागेल. थोडं सोसून वाच.

बाबांच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांनी मला तीनदा फोन केला. "ये गं, हात चालतोय तोवर कामट्यांची गाठ शिकून घे. मेलेल्या माणसाला कागदाचं घर जाळून धाडतो आपण. जसं बांधलं तसंच ते पोचतं. टेप चिकटवणारे गावभर आहेत." मी तैपेईत दुकानांच्या काचा सजवत होते, नवीन वर्षाची गर्दी होती. "सुट्टी लागली की येते, बाबा." आले तेव्हा ते शवपेटीत होते. तू सगळ्यांदेखत विचारलंस, "तेव्हा आली नाहीस, आता बाबांचं दुकान कुणासाठी उघडतेस?" खरं होतं म्हणून मला राग आला, आणि त्या रागाच्या भरातच मी दुकान उघडलं.

पहिलं घर गल्लीतल्या को काकूंच्या नवऱ्यासाठी केलं. बस चालवायचे ते. तीन कोपरे कसेबसे बांधले. मागचा डावा काही केल्या उभा राहीना, आणि दुसऱ्या सकाळी विधी. टेप गुंडाळली, वरून रंगीत कागद लावला. बाहेरून काही कळत नव्हतं. मी कुणाला सांगितलंही नाही.

महिन्याभराने एका दुपारी काकू पेरू घेऊन आल्या.

"पोरी, एक विचारू? माझा माणूस स्वप्नात येतो. म्हणतो, घर झकास आहे, पण मागच्या डाव्या कोपऱ्यातून वारं यायचं."

मी हातातली कामटी खाली ठेवली.

"आता बंद झालंय म्हणे," काकू पेरू कापत म्हणाल्या. "एक म्हातारा येतो रोज. कोपरा सोडून नव्यानं बांधतो. कागदाची दोरी दातात धरून बोलतो, अर्धं कळतच नाही. सारखा पुटपुटतो. काय तर, पोरीला घाई, पोरीला सदा घाई!"

काकूंनी बाबांना कधी पाहिलं नव्हतं. बाबा गेल्यावर त्या इथे राहायला आल्या. दातात दोरी धरून कोण बोलायचं, हे तुला सांगायला नको.

त्या दिवसापासून मी खरी शिकायला लागले. बाबांनी नमुन्याला ठेवलेला एक सांगाडा माळ्यावर होता. तो गाठ न् गाठ सोडला, बांधला, पुन्हा सोडला. बोटांची सालं निघाली. गिऱ्हाईकं येत, आणि बोलता बोलता काहीतरी सांगून जात. एकीच्या सासूकडे म्हातारा छप्पर नीट बसवून गेला. एकाच्या भावाकडे दार अडकत होतं, तेवढं घासून गेला. मी ती चूक ध्यानात ठेवायची आणि पुढच्या घरात होऊ द्यायची नाही. वर्षाने तो कुणाकडे नुसता चहा पिऊन गेला. त्या दिवशी मी दुकानात एकटीच हसले.

या जुलैत काकू आल्या. "म्हाताऱ्यानं निरोप घेतला गं. म्हणाला, आता इथं माझं काम राहिलं नाही." त्यांना वाटलं, मला बरं वाटेल. मी त्यांना बस म्हणायलाही विसरले.

आणि ऑगस्टमध्ये वहिनी गेली. बाबांच्या नंतर पहिल्यांदा तू फोन केलास. "घर तूच बांध. दुसऱ्या कुणाचं नको."

दादा, आता लिहिते. इथवर येऊन चार कागद फाडलेत.

वहिनीच्या घराचा मागचा डावा कोपरा मी मुद्दाम सैल ठेवला. आधी घट्ट बांधला होता. मग सोडला, टेप लावली, वरून तिला आवडायचा तो पिवळा कागद. मला वाटलं, बाबा परक्यांकडे गेले, तर सुनेकडे येतीलच. कोपरा बांधतील, मला चार शिव्या घालतील, आणि त्या तुझ्या स्वप्नातून माझ्यापर्यंत येतील. एवढंच हवं होतं मला. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला तू घर पेटवलंस आणि म्हणालास, "अगदी बाबांच्या हातचं वाटतं." मी मान खाली घातली. तुला वाटलं, मी रडतेय.

मग रोज तुझ्या फोनची वाट पाहिली. आणि फोनवर तू सांगितलंस ते हे. वहिनी भिंतीला पाठ लावून उभी आहे, केस उडताहेत, आणि म्हणते, "मागून फार वारं येतं हो. इकडे कुणीच येत नाही."

ते तुझ्या एकटेपणाचं स्वप्न नव्हतं. सहा आठवडे ती माझ्यामुळे वाऱ्यात उभी आहे. मी बोलावलं, आणि बाबा आले नाहीत. मी त्यांच्याशी वागले तसंच झालं.

त्याच दुपारी मी तिच्या नव्या घरासाठी बांबू चिरायला घेतला. आज सांगाडा उभा राहिला. चारही कोपरे बांधलेत. बांधताना एकदाही दाराकडे पाहिलं नाही.

बुधवारी, २७ तारखेला, वहिनीला जाऊन शंभर दिवस होतात. टेम्पो ठरवलाय, आदल्या दिवशी घर घेऊन येते. मला आत घ्यायचं नसलं तर नको घेऊस, फाटकातच उतरवून घे. मागच्या बाजूला मी कागद लावलेला नसेल. प्रत्येक कोपरा स्वतःच्या हाताने ओढून बघ. खात्री पटली तरच कागद चिकटव. खळ मी सोबत आणते.

तोवर ती पुन्हा स्वप्नात आली, तर सांग, बुधवारपर्यंत कळ काढ. कोण बांधतंय असं तिने विचारलं, तर बाबांचं नाव घेऊ नकोस. माझं सांग.

तुझ्या होकाराची वाट न बघता निघणारी,
यूच्यान