तुमच्या फोटोखालचं प्रश्नचिन्ह

अहो,

काल संध्याकाळी तुमचा फोटो टीव्हीवर आला. आपल्या वीणाच्या लग्नातला, फेटा बांधलेला. खाली लाल पट्टीवर कन्नडमध्ये लिहिलं होतं, ‘मृत्यूचं कारण लस?’ तुम्ही गेल्यापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलते. पण हे मनात ठेवून भागणार नाही, म्हणून लिहायला बसले.

पहिल्यापासून सांगते. गेल्या महिन्यात पुन्हा कोरोनाच्या बातम्या सुरू झाल्या. कुठलासा नवा प्रकार सापडलाय, आणि परदेशात लशीवर कसलंसं नवं संशोधन झालंय म्हणे. त्या संशोधनात काय आहे ते आपल्याकडे कुणी वाचलेलं नाही, भांडतात मात्र सगळे. चामराजपेटेत भाजी घ्यायला गेलं तरी तेच. एक म्हणतो विषाणू प्रयोगशाळेतूनच सुटला, दुसरा म्हणतो हा सगळा औषध कंपन्यांचा डाव, तिसरा म्हणतो चालती-बोलती माणसं पटकन जातायत ती इंजेक्शनमुळेच. तुम्ही असता तर टीव्ही बंद केला असता का? मला नाही वाटत. तुम्ही टीव्हीशीच भांडत बसला असता.

आपल्या गल्लीत मात्र या भांडणात तुमचंही नाव येतं. शेजारचे गोपाळराव ऑक्सिजनवाचून गेले आणि तुम्ही जे पेटलात! ज्यांना मोबाईल जमत नव्हता त्यांची नावं नोंदवलीत, घाबरणाऱ्यांना रिक्षात बसवून लशीला नेलंत. फुलवाली पार्वतम्मा सुई टोचेपर्यंत तुमचा हात सोडत नव्हती. तुमच्या भावाला, आपल्या मोहन भावजींना, तुम्ही अक्षरशः दटावून नेलंत. त्यानंतर दोनेक वर्षांनी तुम्ही मार्केटातून येताना रस्त्यात कोसळलात आणि हॉस्पिटलातून परत आलाच नाहीत. तेव्हापासून कुजबूज सुरू झाली. ज्यांनी सगळ्यांना सुई टोचून आणली, तेच गेले!

ही कुजबूज सगळ्यात आधी कुणी उचलली असेल? मोहन भावजींनी. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती. वडील गेल्यावर तुम्हीच त्यांना वाढवलंत. तुम्ही असे न सांगता निघून गेलात, तेव्हा त्यांना कुणावर तरी रागवायचं होतं. तुमच्यावर कसे रागावणार?

महिन्याभरापूर्वी ते आले आणि म्हणाले की एका चॅनेलवाल्यांना आपल्या घरची हकीकत हवी आहे. फोटो त्यांनी आधीच पाठवून दिला होता. आता मी कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोलायची, की आमचे हे लशीमुळे गेले.

मला सांगा, मी काय करायचं होतं? हो म्हटलं तर तुम्ही ज्यांना हात धरून नेलंत त्या सगळ्यांच्या पोटात भीती घालायची. नाही म्हटलं तर तुमच्या भावाला दारातून परत पाठवायचं.

मी म्हटलं, “सरी, ठीक आहे, बोलते. पण ज्या डॉक्टरांनी तुमच्या अण्णांना शेवटी हॉस्पिटलात पाहिलं, त्यांना आधी विचारू. तुम्हीच विचारा, मी ऐकते.”

भावजी तयार झाले. आम्ही दोघं गेलो. त्या डॉक्टर बाईंना तुम्ही आठवत होता. त्यांनी भावजींचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एकदाही हसल्या नाहीत. मग तुमचे तेव्हाचे रिपोर्ट काढले आणि सांगितलं की लशीचा त्रास काही जणांना झाला, हे खोटं नाही. ज्यांना झाला त्यांचं ऐकून घ्यायलाच हवं, त्यावर संशोधनही व्हायलाच हवं. पण असे त्रास फार थोड्यांना झाले, आणि बहुतेक लस घेतल्यावर थोड्याच दिवसांत. “तुमच्या अण्णांच्या हृदयाच्या नळ्या कित्येक वर्षांपासून बंद होत आल्या होत्या. साखर जुनी, वर बिडी. लस यायच्या आधीपासूनचं आहे हे.”

मग त्यांनी विचारलं, आधी छातीत दुखायचं का?

भावजी म्हणाले, नाही. मी म्हटलं, हो.

हो ना? मार्केटातून येताना तुम्ही पिशवी खाली ठेवून थांबायचात आणि छाती चोळायचात. मी डॉक्टर म्हटलं की तुम्ही ॲसिडिटी म्हणायचात. मी पुन्हा म्हटलं की दसरा होऊ दे म्हणायचात. अख्ख्या गल्लीला रिक्षात घालून नेणारे तुम्ही, स्वतः एकदा रिक्षात बसायला काय झालं होतं? हे मला तुम्हाला फार दिवसांपासून विचारायचं होतं.

भावजी माझ्याकडे बघतच राहिले. “मला का नाही सांगितलं त्यांनी?”

डॉक्टरांनी भावजींना विचारलं, तुम्ही सख्खे भाऊ का? चालताना तुम्हाला दम लागतो का?

भावजी खाली बघत म्हणाले, “स्वल्प.”

त्यांना परत घरी जाऊच दिलं नाही. तपासण्या झाल्या, त्यांच्याही नळ्या तुमच्याच वळणावर गेलेल्या. स्टेंट घातला. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून सध्या ते आणि जाऊबाई आपल्याकडेच राहतायत. तुमच्या खाटेवर झोपतात. पथ्याचं जेवण बघून तोंड वाकडं करतात, अगदी तुमच्यासारखं.

चॅनेलच्या मुलीला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. डॉक्टर जे म्हणाल्या ते शब्द न शब्द. तिने नीट ऐकल्यासारखं केलं, थँक्यू आंटी म्हणाली. आणि काल फोटो दाखवलाच. माझ्या बोलण्यातलं एक अक्षर नाही.

भावजींनी खाटेवरूनच त्यांना फोन लावला. फोटो काढा म्हणाले. पलीकडून उत्तर आलं की आम्ही काही म्हटलेलंच नाही, आम्ही फक्त प्रश्न विचारला. फोन ठेवला आणि तुमचा भाऊ रडला. तुम्ही गेलात तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

आज सकाळी पार्वतम्मा फुलं द्यायला आली आणि टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, “अक्का, मलाही काही होईल का?” रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. मी काही बोलणार तेवढ्यात आतून भावजींचा आवाज आला. कन्नडमध्ये, सावकाश.

“पार्वतम्मा, तो फोटो मीच दिला होता. चुकलं माझं. अण्णांच्या छातीत दुखायचं, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माझ्याही छातीत दुखायचं, मीही सांगितलं नाही. तुला काही होत असेल तर सांग.”

ती दारातच बसली. मग हळूच म्हणाली की बऱ्याच दिवसांपासून पाय सुजतायत. प्रेशरच्या गोळ्याही तिने सोडून दिल्या होत्या, कुणीतरी त्या वाईट म्हणून सांगितलं म्हणे. उद्या मी तिला दवाखान्यात नेणार आहे.

विषाणू प्रयोगशाळेतून आला की प्राण्यातून, हे मला माहीत नाही. ज्यांचं ते काम आहे ते शोधतील, तोवर लोक भांडतील. गल्लीत कुणी तुमच्याबद्दल विचारलं तर मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगते, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणते. याहून जास्त मला जमणार नाही. तुम्हाला पटतंय ना?

आता एक वचन देते. गेले काही दिवस वीणा माझ्या मागे लागली आहे की आई, तूही एकदा तपासून घे. इलेक्ट्रॉनिक सिटीहून रोज फोन करते आणि मी रोज टाळते. उद्या पार्वतम्माबरोबर माझीही तपासणी करून घेते. रिपोर्ट येईल त्याच दिवशी पोरीला फोन करीन. चांगला आला तर चांगला म्हणून सांगीन, वाईट आला तर वाईट म्हणून.

तुमची,
कमल